आरोपी नंबर तीनची वही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. २०१३ साली पावसाच्या तोंडावर एका पतसंस्थेच्या ठेवीदारांनी माझ्याकडून पत्रक छापून घेतलं. अर्ध्या पानाचं, एका बाजूला मराठी, मागे कन्नड. हजार प्रती, बिल साडेसातशे. ठेवी कुठे वळवल्या, असा चेअरमनना त्यात सवाल होता. मी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती. प्रूफ बघताना ‘वळविल्या’ करू की ‘वळवल्या’ ठेवू, एवढंच विचारलं होतं.

चार महिन्यांनी समन्स आलं, कन्नडमधून. बाजारापुरतं कन्नड मला येतं, पण कोर्टाचं कन्नड वेगळं. मुलगी तेव्हा कन्नड शाळेत सातवीला होती, तिच्या हातात दिलं. ‘माननष्ट’ हा शब्द वाचून ती थांबली. मान आणि नष्ट. अर्थ सांगायला कोणी लागलं नाही. मग आणखी चार ओळी खाली जाऊन म्हणाली, “बाबा, आरोपी तीन म्हणजे तुम्हीच की.”

अब्रुनुकसानीचा हा खटला सहा वर्षं चालला. त्रेचाळीस तारखा पडल्या, त्यातल्या नऊ तारखांना काहीतरी काम झालं. शेवटी चेअरमन संस्थेची निवडणूक हरले आणि कोर्टात यायचेच बंद झाले. तक्रारदार गैरहजर म्हणून आम्ही तिघे निर्दोष. पत्रकातलं खरं होतं की खोटं, हे सहा वर्षांत कोणीच ठरवलं नाही. या सगळ्याची मी एक वही ठेवली होती, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. आता असलं काही कोणाच्या दारात आलं की माणसं माझ्याकडे येतात. एकजण विचारतो, “आता काय करू?” दुसरा विचारतो, “हा कायदा बदलत का नाही?” दोघांनाही मी तीच वही दाखवतो. कायदा बदला म्हणणाऱ्याच्या हातात काही पुरावा लागतो, आणि तो खटला अंगावर आलेल्या माणसाकडेच तयार होतो.

कागद हातात पडला की

आधी बघा, कागद कुणाचा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती आली म्हणून रात्रीतून माफीनामा लिहून देऊ नका, आणि रागाच्या भरात व्हॉट्सअपवर उत्तरही टाकू नका, तेच पुढे दुसरं कलम होऊन येतं. वकिलाकडून चार ओळींचं शांत उत्तर जाऊ दे.

पोलिसांना घाबरायचं कारण कमी आहे. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा. नुसत्या या कलमावर पोलीस थेट गुन्हा नोंदवून उचलून नेऊ शकत नाहीत. तक्रारदाराने स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागते. ठाण्यातून बोलावणं आलं तर ‘कोणतं कलम, साहेब?’ एवढं नम्रपणे विचारा. दुसरं एखादं कलम जोडलेलं असेल तर ते तिथेच कळतं.

जुनं कलम भारतीय दंडविधानाचं ४९९ आणि ५००. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३५६ झालं. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नवीन एवढंच की समाजसेवा करायला लावण्याची सोय त्यात आली. १ जुलैच्या आधी जे छापलं किंवा बोललं गेलं त्याला जुनंच कलम लागतं. हा साधा तारखेचा घोळ तक्रारीत मी दोनदा बघितलाय.

खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मात्र एक चांगली गोष्ट गाजावाजा न होता आत शिरली. कलम २२३ प्रमाणे तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. आमच्या वेळी थेट समन्सच यायचं. ही संधी वाया घालवू नका. छापल्यापासून तीन वर्षं उलटली का, तक्रार करणाऱ्याचीच बदनामी झाली आहे की तो दुसऱ्यासाठी भांडतोय, असे मुद्दे वकिलाला तेव्हाच काढायला सांगा. तुम्ही त्या दंडाधिकाऱ्यांच्या हद्दीबाहेर राहत असाल तर समन्स काढण्याआधी चौकशी करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कलम २२५.

पहिल्याच दिवशी हजेरीमाफीचा अर्ज द्या, कलम २२८. मी दिला नाही. ‘आपण गेलो नाही तर साहेब रागावतील’ असं कोणीतरी सांगितलं आणि मी अठरा महिने प्रत्येक तारखेला छापखाना बंद ठेवून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या तालुक्याला जात राहिलो. वकील हजर असला की पुष्कळशा तारखा तुमच्यावाचून निभतात.

भाषेचं सांगतो. साक्ष तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत चालली असेल तर ती समजणाऱ्या भाषेत सांगून घ्यायचा आरोपीला हक्क आहे. आपल्याकडची माणसं लाजेने मान डोलावत उभी राहतात. मीही राहिलो. मागितलं की मिळतं. कोर्टातल्या शिरस्तेदारालाच मराठी येत असतं, तो हसून सांगतो. तक्रारीची नक्कल मात्र पदरचे पैसे देऊन मराठीत करून घ्या, आणि न वाचता कशावरही सही करू नका.

ज्यांचा छापखाना आहे त्यांच्यासाठी हे वेगळं सांगतो. मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना छापणं हाही याच कलमाखाली गुन्हा आहे, आणि असा छापील माल विकणं हाही. म्हणून आता प्रत्येक पत्रकाच्या प्रूफवर मी गिऱ्हाईकाची सही, तारीख आणि ‘मजकुराची जबाबदारी माझी’ अशी ओळ घेतो. त्याने मी पूर्ण सुटतो असं नाही, पण मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं हे दाखवायला कागद राहतो. पूर्वी प्रूफं मशीन पुसायला वापरायचो.

कलमाचे दहा अपवाद वकिलापुढे बसून एकदा वाचाच. आपल्यासारख्यांच्या उपयोगाचे तीनचार. पहिला, खरी गोष्ट, आणि ती सांगणं लोकांच्या हिताचं. यातला ‘आणि’ मोठा जाचक, नुसतं खरं असून भागत नाही. दुसरा नि तिसरा, सरकारी माणसाच्या कामाबद्दल किंवा सार्वजनिक प्रश्नात कोणीही कसा वागला याबद्दल सद्भावनेने दिलेलं मत. आठवा, अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार. आमच्या ठेवीदारांनी पत्रकाआधी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी अर्ज दिला असता आणि पोच घेतली असती, तर वकिलाचं काम निम्मं झालं असतं. तेव्हा आधी अर्ज, पोच, मग पत्रक.

माफी मागू का, असं बहुतेक सगळे विचारतात. चूक झाली असेल तर मागा, ती मागण्यात कमीपणा नाही. पण माफीने खटला मिटतोच, या भरवशावर राहू नका. तडजोड तक्रारदाराच्या मर्जीवर असते. टिळक-आगरकरांचं बघा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याबद्दल काही पत्रं छापली, ती बनावट निघाली, दोघांनी माफीही मागितली. तरी १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. ‘केसरी’ तेव्हा दीड वर्षाचं पोर होतं. कोल्हापूर आपल्याला केवढं जवळ, आणि ते कलमही आपल्या कलमाचंच जुनं रूप.

वही कशी ठेवायची

पाच रकाने पुरतात. तारीख, कोर्टात काय झालं, पुढची तारीख का पडली, खर्च, बुडालेलं काम. माझं चौदाव्या तारखेचं पान असं आहे:

‘पहाटे ५.५० ची बस, बेळगावात गाडी बदलली. १०.३० ला कोर्ट. १२.४० ला पुकारा. तक्रारदाराचे वकील दुसऱ्या कोर्टात. पुढची तारीख पाच आठवड्यांनी. बस १६४, इडली-चहा ३५, झेरॉक्स १२. बुडालेलं काम: दोनशे पत्रिकांची ऑर्डर, नवरीचा मामा दार बंद बघून नंदगडला गेला.’

हे त्याच दिवशी, परतीच्या बसमध्येच लिहायचं. दुसऱ्या दिवशी राग निवतो आणि आकडे गोल व्हायला लागतात.

याला सरकारी पुरावा जोडा. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. खटला चालू असेपर्यंत त्याचे छापील कागद काढून वहीत डकवत चला. निकाल लागला की प्रमाणित नक्कल काढा, नंतर काढू म्हणून ठेवू नका. वकिलाची फी सोडून माझी बेरीज ६१,३४० रुपये झाली. बिल साडेसातशेचं होतं, हे मी प्रत्येक सभेत सांगतो, आणि माणसं हसतात.

हा हिशेब महत्त्वाचा अशासाठी की दुसरीकडे कुठे तो होतच नाही. हे खटले पोलीस ठाण्यातून जात नाहीत, त्यामुळे पोलिसांच्या आकडेवारीत सहसा दिसत नाहीत. ‘या कलमाखाली फारशी शिक्षा होते कुठे?’ असं कोणी म्हणालं की त्याच्यापुढे वही उघडायची. मला शिक्षा झाली नाही, ती शून्यातच मोजली गेली.

मागायचं काय

‘कायदा रद्द करा’ एवढी एक ओळ घेऊन गेलात तर समोरचा २०१६ चा निकाल काढून दाखवतो. १३ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी खटल्यात हे कलम घटनेला धरून आहे असं ठरवलं. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयाचं म्हणणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २८५ व्या अहवालात कलम ठेवा असंच सांगितलं. तेव्हा कोर्टाच्या दारापेक्षा संसदेचं दार धरलेलं बरं. तिथेही हालचाल झालीच नाही असं नाही. ओडिशाचे तेव्हाचे खासदार तथागत सत्पथी यांनी अब्रुनुकसानी फौजदारीतून काढून फक्त दिवाणीत ठेवणारं खासगी विधेयक आणलं होतं. आणि १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने कायदा आणखी कडक करणारं विधेयक आणलं, तेव्हा देशभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. बाहेर बघायचं तर श्रीलंकेने २००२ मध्ये हा गुन्हाच काढून टाकला. ज्यांनी हे कलम आपल्या गळ्यात बांधलं त्या इंग्रजांनीही आपल्या घरी २००९ मध्ये कायदा करून ते पुसलं.

माझे एक मास्तर मित्र आहेत, निवृत्त. ते म्हणाले, “मग गावातल्या एखाद्या बाईची कोणी बदनामी केली तर तिने कुठे जायचं? दिवाणी दावा तिला परवडतो काय?” प्रश्न रास्त आहे, आणि खरी गाठही तिथेच आहे. दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते आणि दावा एका वर्षात लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला फी नाममात्र आणि मुदत तीन वर्षांची. म्हणजे ज्याला भरपाई हवी त्याला महाग, आणि ज्याला समोरच्याला नुसतं फिरवायचं आहे त्याला स्वस्त. त्या बाईलाही फौजदारीत सहसा भरपाई मिळत नाही, तिलाही तारखाच मिळतात. म्हणून आमच्या निवेदनात पहिली ओळ हीच आहे: अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला कोर्ट फी ठरावीक आणि थोडी ठेवा, खुलासा छापून आणण्याचा सोपा मार्ग द्या, आणि मग फौजदारी कलम काढा.

ते लगेच होणार नसेल तर निदान कैद काढा. आणि अपवादातला तो ‘आणि’ काढा. दिवाणीत खरेपणा हा पुरेसा बचाव असेल तर फौजदारीत तो अपुरा का? तक्रारीची मुदत तीनवरून एक वर्षावर आणा. तक्रार कुठेही लावता येऊ नये, हेही घाला. २०१९ मध्ये राहुल गांधी बोलले आपल्या कर्नाटकातल्या कोलारला, खटला चालला सुरतेत, आणि २०२३ मध्ये तिथे दोन वर्षांची शिक्षा होऊन खासदारकी गेली, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने परत आली. त्यांचा पक्ष तुम्हाला आवडो न आवडो, एवढ्या लांब जायला त्यांच्याकडे विमान होतं, आपल्याकडे ५.५० ची बस आहे.

मंत्री किंवा सरकारी नोकरांच्या वतीने सरकारी वकील सत्र न्यायालयात तक्रार लावू शकतो. त्याचा खर्च आपल्याच खिशातून. मंत्री किंवा नोकर राज्याचा असेल तर याला राज्य सरकारची मंजुरी लागते, म्हणजे ‘आम्ही मंजुरी देणार नाही’ असं राज्य सरकार उद्या ठरवू शकतं. त्याला संसद लागत नाही. शिवाय फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्यालाही दुरुस्ती करता येते. म्हणून आमदाराकडेही जायचं, ‘हे दिल्लीचं काम’ असं म्हणून त्याला सुटू द्यायचं नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा बंगळूरचं भाडंही वाचतं.

निवेदन

आपल्याकडे निवेदन म्हटलं की जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात फाईल, सातआठ जण ओळीत, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. या कामात त्याचा उपयोग फोटोपुरताच. कागद पाठवायचा तो खासदाराकडे, आणि आधी खासदार कोण ते बघा. खानापूरवाल्यांचा मतदारसंघ बेळगाव नव्हे, उत्तर कन्नड. निपाणीकरांचा चिकोडी. माझी पहिली प्रत चुकीच्या खासदाराकडे गेली होती, तिथल्या स्वीय सहायकाने चहा पाजून परत पाठवलं.

लोकसभेच्या याचिका समितीकडे थेटही जाता येतं. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलीत तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी तर्जुमा सही करून जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज करून राज्याने आजवर अशा किती तक्रारींना मंजुरी दिली ते विचारा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. कर्नाटकचा नियम तसा आहे. मी पहिल्यांदा तीन पानं लिहिली होती.

निवेदन एका पानाचं. वर मागणी, खाली वहीतले आकडे. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडताना तक्रारदाराचं, न्यायाधीशांचं, गावाचं नाव काळ्या पेनाने खोडा, नाहीतर सुधारणेचं निवेदन देताना दुसरा खटला ओढवून घ्याल. चालू खटल्याबद्दल मत लिहू नका, झालेल्या तारखा तेवढ्या लिहा.

आणि सह्या आधी कन्नड संपादकांच्या घ्या. सीमाभागात कुठलाही कागद दोन मिनिटांत भाषेचा प्रश्न होतो. आमची पहिली बैठक वर ‘बेळगाव’ लिहायचं की ‘बेळगावी’ यावरच संपली. शेवटी ‘खानापूर’ टाकलं, त्यावर अजून तरी वाद नाही. पण या कलमाचा मार कन्नडवाल्यांनी कमी खाल्लेला नाही. पत्रकार गौरी लंकेश यांना २००८ च्या मजकुराबद्दल हुबळीच्या कोर्टाने २०१६ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. आठ वर्षं. एका कन्नड साप्ताहिकवाल्याला मी हे सांगायला गेलो तर त्याने खणातून स्वतःचीच वही काढली. त्याच्या तारखा माझ्यापेक्षा सतराने जास्त होत्या.

वहीच्या मागच्या बाजूने एक पान वेगळं उलटं सुरू करा. त्यावर मी लिहिलंय, ‘न छापलेली’. परवा पलीकडच्या गावचा एक पोरगा ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचं पत्रक घेऊन आला. मजकूर बरा होता, आकडे होते. प्रूफवर सही कर म्हणालो. ‘कशाला?’ म्हणाला. वही दाखवली. त्याने दोन पानं उलटली, पत्रकाची घडी घातली आणि उद्या येतो म्हणाला. आला नाही. त्या पानावर तारीख, विषय आणि ‘आला नाही’ एवढंच लिहितो, नाव नाही. आतापर्यंत अकरा ओळी झाल्यात. निवेदनाला तेही पान जोडा.